घरांतला नवा विस्तव

अग्नि हा गृहस्थाश्रमाचा पहिला सोबती होय. आमच्या लहानपणीं घरांतील विस्तवाच्या जागा ठरलेल्या असत, आणि त्या पोरासोरांसही पाठ असत. चुलीचा विस्तव स्वयंपाकघरांत, बंबाचा परसांत, समईचा देवघरांत, आणि कंदील खुंटीवर. रात्रीं झांकपाक झाली म्हणजे आमची आजी चुलींतले चार निखारे राखेखालीं पुरून ठेवी. भडका नाहीं आणि विझणेंही नाहीं, अशा मधल्या स्थितींत तो विस्तव पहाटेपर्यंत टिके व एका फुंकरीनें पुन्हां जागा होई. निजण्यापूर्वीं मात्र ती एकवार सर्व घरभर फिरून येई. त्या फेरीवांचून तिला झोंप येत नसे.

आज चूल गेली, बंबही गेला. त्यांची जागा गॅसनें व विजेनें घेतली. विस्तव डोळ्यांस दिसेनासा झाला. आणि जें दिसत नाहीं तें नाहींच, असें समजण्याची मनुष्याची जुनी खोड आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत एक नवाच विस्तव मुलांच्या खेळण्यांतून आमच्या घरांत शिरला आहे. त्याला ज्वाळा नाहीं, धूर नाहीं. बिस्किटाच्या लहानशा पुड्याएवढी, रंगीत वेष्टनांतली, मऊ अंगाची ती एक वस्तु असते. शास्त्रीय नांव लिथियम पॉलिमर बॅटरी; मुलांच्या भाषेंत नुसती 'लिपो'. ड्रोन, छंदाचीं छोटीं विमानें, दूरनियंत्रणाच्या शर्यतीच्या मोटारी हीं सारीं तिच्या बळावर धांवतात. ही वस्तु घरांत कशी बाळगावी, हें आम्ही थोडें अनुभवानें व थोडें लाजेनें शिकलों. तें वाचकांपुढें मांडावें, एवढ्यासाठींच हा लेख.

वैशाखांतली एक पहाट

आमचें घर साताऱ्यास, जुन्या पेठेंतलें. सागवानी खांबांचें व तक्तपोशीचें. अशा घरांस आगीचें भय किती, हें निराळें सांगावयास नको. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला, तेव्हां आंतील लाकडी महालांपैकीं कांहीं उरलें नाहीं. उभे राहिले ते दगडी तट, दरवाजे आणि जोतीं.

गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाची मुंज होती. घर पाहुण्यांनीं भरलें होतें. माजघरांत सतरंज्या अंथरून दहाबारा मुलें निजलीं होतीं. त्यांच्या उशाशीं भिंतींतलें पुस्तकांचें कपाट. त्याच्या वरच्या फळ्यांवर आमच्या तीर्थरूपांनीं स्वहस्तें नकलून काढलेल्या पोथ्या, आणि खालच्या खणांत आमच्या चौदा वर्षांच्या नातवाच्या चार लिपो बॅटऱ्या, एका जुन्या पंचांत गुंडाळलेल्या. ती जागा त्याला आम्हींच दिली होती. धूळ लागूं नये, धाकट्या भावंडांच्या हातीं पडूं नयेत, असा आमचा विचार. परीक्षा संपल्यावर रविवारीं माळावर ड्रोन उडवावयाचा म्हणून त्यानें चारी बॅटऱ्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. तेवढ्यांत मुंजीची गडबड सुरू झाली, आणि तीन आठवडे त्या तशाच पडून राहिल्या. त्यांतली एक, मागें ड्रोन झाडावर आदळला तेव्हां, चांगलीच ठेचाळली होती. कोपऱ्यास खळगा पडला होता. परंतु चालत होती, म्हणून कोणी तिकडे लक्ष दिलें नाहीं.

पहाटें चारच्या सुमारास आमच्या वहिनी देवघरांत जावयास उठल्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. दृष्टि मंद झाली आहे, परंतु घ्राणेंद्रिय शाबूत. कपाटापाशीं त्यांस गोडसर, औषधासारखा वास आला. त्यांनीं आम्हांस उठविलें. खण ओढून पाहतों तों एक बॅटरी तळलेल्या पुरीसारखी टम्म फुगलेली, आणि हातास कोंबट लागणारी! येथें आमच्या शहाणपणाची परीक्षा झाली व आम्ही तींत साफ नापास झालों. छत्तीस वर्षें मुलांस शिकविलेले आम्ही, आंत वारा धरला असेल तो काढून टाकावा, अशा समजुतीनें दाभण शोधूं लागलों. आमच्या थोरल्या सूनबाई विद्युत्शास्त्राच्या पदवीधर आहेत. त्या जिना उतरतां उतरतांच ओरडल्या, "मामंजी, टोंचूं नका! पेटेल ती!"

मुलांस अलगद उठवून ओसरीवर नेलें. वहिनींनीं निखारे उचलण्याचा जुना लांब चिमटा आणून दिला. सूनबाईंनीं त्यानें बॅटरी उचलून अंगणांतल्या वाळूच्या घमेल्यांत ठेवली आणि सर्वांस दूर सारलें. वीस मिनिटें कांहींच झालें नाहीं. उगीच सर्वांची झोंपमोड झाली, असें आम्ही मनांत म्हणूं लागलों होतों. तोंच सापाच्या फूत्कारासारखा आवाज झाला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि पाठोपाठ हातभर उंच ज्वाळा. दोन मिनिटांत सारें आटोपलें. घमेल्यांत एक काळी, चुरगळलेली घडी तेवढी उरली. ज्या खणांतून ती निघाली त्याच्या वर आमच्या वडिलांचें हस्ताक्षर होतें, आणि त्याच्यापासून दीड हातावर मुलें निजलीं होतीं. त्या दिवशीं मुंज यथासांग पार पडली. भिक्षावळीचा थाट झाला, पंगती उठल्या. परंतु आमचें लक्ष दिवसभर त्या रिकाम्या खणाकडे जात होतें.

हा विस्तव कसला?

मुंजीची पाहुणेमंडळी पांगल्यावर आम्ही सूनबाईंचे विद्यार्थी झालों. त्यांनीं समजावून दिलें तें येथें थोडक्यांत सांगतों.

लिथियम हा सर्व धातूंत हलका धातु. १८१७ सालीं आर्फवेडसन ह्या स्वीडिश रसायनज्ञानें तो एका खनिजांत ओळखला. दगडांत सांपडला म्हणून 'दगड' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. त्यावर चालणाऱ्या, पुनःपुन्हां भरतां येणाऱ्या घटाचा पाया व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि जपानचे योशिनो ह्यांनीं घातला. १९९१ सालीं असे घट बाजारांत आले, आणि २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक ह्या तिघांस मिळालें. आज आमच्या खिशांतल्या दूरध्वनीपासून रस्त्यावरच्या विजेच्या गाड्यांपर्यंत ह्याच कुळाचा विस्तार आहे.

घटाची रचना सुरळीच्या वडीसारखी थरांची समजावी. एक तांब्याचा पातळ पत्रा, एक ॲल्युमिनियमचा. दोहोंवर निरनिराळ्या द्रव्यांचा लेप. आणि मध्यें केसाहूनही पातळ असा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा. हें सर्व एका ज्वलनशील द्रवांत भिजलेलें असतें. विजेरींतल्या गोल घटास पोलादी कवच असतें, आणि लिथियमच्या गोल घटांस बहुधा आंतला वायु सोडणारी झडपही असते. लिपोला मात्र ना कवच ना झडप. ॲल्युमिनियमचा अस्तर दिलेलें मऊ पाकीट, एवढेंच तिचें अंग. हलकेपणासाठीं हें सारें केलेलें असतें, कारण जड वस्तु उडत नाहीं. म्हणजे जो गुण तोच दोष.

तो मधला पडदा शाबूत आहे तोंवर घट सज्जन असतो. आपटल्यानें, टोंचल्यानें, प्रमाणाबाहेर भरल्यानें किंवा फार तापल्यानें तो पडदा एके ठिकाणीं जरी निकामी झाला, तरी दोन्ही बाजू एकमेकींस भिडतात आणि सांठविलेली वीज आंतल्या आंत उष्णता होऊन बाहेर पडूं लागते. शंभर अंशांच्या आसपासच आंतले रासायनिक थर मोडूं लागतात व स्वतःच उष्णता देतात. पडद्याचें प्लास्टिक १३० ते १६५ अंशांच्या दरम्यान वितळतें. त्यापुढें लेपांतील द्रव्यें प्राणवायु सोडूं लागतात. उष्णतेनें विक्रिया वाढते आणि विक्रियेनें उष्णता वाढते. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे बाहेरून थांबविणें अत्यंत कठीण. झांकण घातल्यानें चुलींतला जाळ गुदमरतो, तशी ही आंतली होळी गुदमरत नाहीं.

एवढ्याशा वस्तूंत असा कितीसा विस्तव असणार, असें कोणी म्हणेल. आमच्या नातवाची बॅटरी तीन घटांची, ११.१ व्होल्टची, २२०० मिलिअँपिअर-तासांची; वजन सुमारें १८० ग्रॅम. आम्हीं गणित मांडून पाहिलें. तींत भरलेली वीज सुमारें ८८,००० ज्यूल होते. तेवढ्या उष्णतेनें पाव लिटर थंड पाणी उकळीस येईल. ही झाली नुसत्या विजेची उष्णता. आंतला द्रव जळतो त्याची आणखी निराळी. हें सर्व एकदोन मिनिटांत, सागवानी खणांत, कागदाच्या शेजारीं घडलें असतें, तर काय झालें असतें ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

मोठमोठ्या यंत्रशास्त्रज्ञांसही ह्या विस्तवानें चकविलें आहे. २०१३ च्या जानेवारींत बोस्टनच्या विमानतळावर एका बोइंग ७८७ विमानांतली लिथियम बॅटरी पेटली. त्याच महिन्यांत जपानांत दुसरें तसलेंच विमान धुरामुळें तांतडीनें उतरवावें लागलें, आणि त्या जातीचीं जगांतलीं सर्व विमानें कांहीं महिने जमिनीवर खिळून राहिलीं. २०१६ च्या एप्रिलपासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय मनाई झाली, आणि मालवाहू विमानांतून न्यावयाच्या त्या शेंकडा तीसांहून अधिक भरलेल्या नसाव्यात, असा दंडक पडला. ज्या वस्तूस सारें विमानजगत् इतकें वचकून असतें, ती आम्हीं काठोकाठ भरून पंचांत गुंडाळून ठेविली होती!

वैदिक काळीं आहिताग्नीच्या घरीं गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नि असे तीन अग्नि असत. तिघांच्या जागा निराळ्या आणि कुंडांच्या आकृतीही निराळ्या. एक वर्तुळ, एक चौकोन, एक अर्धचंद्र. त्यांतील श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानें पाहावा. व्यवहाराचें तात्पर्य मात्र सर्वांस पटण्यासारखें आहे. घरांत अग्नि ठेवावयाचा तर त्यास स्थान हवें, मात्रा हवी, आणि राखणदार हवा. ह्या नव्या विस्तवासही हेच तीन नियम लागू पडतात.

स्थान

लिपोची जागा दगडाची, मातीची किंवा फरशीची असावी. लाकडाची, कापडाची व कागदाची कधींही नसावी. अंथरुणें, पडदे, पुस्तकें, तेलाचे डबे आणि गॅसची टांकी ह्यांपासून ती दूर असावी. जेथें माणसें निजतात तेथें ती असूं नये. आणखी एक गोष्ट सहसा सुचत नाहीं. बाहेर पडण्याच्या दाराशीं किंवा जिन्याखालींही ती असूं नये. कारण आग लागली तर तीच वाट माणसांस लागते. ऊन लागेल अशी खिडकी, पत्र्याखालचा तापलेला पोटमाळा आणि बंद मोटार ह्याही जागा वर्ज्य होत. उन्हाळ्यांत बंद मोटारीच्या आंत उष्णता साठ अंशांवर जाऊं शकते.

आमच्या घरीं आतां मागल्या पडवीच्या दगडी कट्ट्यावर चार मातीच्या कुंड्या मांडल्या आहेत. तेथें ऊन येत नाहीं व पाऊसही पोंचत नाहीं. प्रत्येक कुंडीखालीं एक फरशी, आंत एकच बॅटरी, आणि वर कौलाचा सैल तुकडा. दोन कुंड्यांमध्यें वीतभर अंतर. एकीनें पेट घेतला तर शेजारणीस तिची आंच लागूं नये, हा हेतु. शेजारीं कोरड्या वाळूची बादली आणि तो लांब चिमटा सदैव ठेवलेला असतो. ज्यांस पडवी नाहीं, जे सदनिकेंत राहतात, त्यांनीं सावलींतली गॅलरी किंवा फरशीचा मोकळा कोपरा पाहावा व हीच व्यवस्था करावी.

येथें गृहिणींस एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. लाडवांचा घट्ट झांकणाचा डबा मजबूत दिसतो, जुना कुकर त्याहून मजबूत दिसतो. म्हणून त्यांत बॅटरी ठेवण्याचा मोह होईल. तो आवरावा. जळणारी लिपो पुष्कळ वायु सोडते. त्यास वाट मिळाली नाहीं तर तें भांडें शिटी अडकलेल्या कुकरासारखें होतें, आणि आगीबरोबर स्फोटही घरीं येतो. भांडें कोणतेंही असो, झांकण सैल असावें. बाजारांत कांचतंतूंच्या कापडाच्या पिशव्या मिळतात. त्यांनीं ज्वाळेचा जोर कमी होतो. परंतु धूर आणि आंच बाहेर येतातच. म्हणून पिशवी कुंडींत ठेवावी, कुंडीऐवजीं नव्हे.

बॅटरीच्या तारांचीं टोंकेंही उघडीं नसावींत. त्यांवर टोपण बसवावें. सुट्या किल्ल्या, नाणीं, टांचण्या ह्यांच्याशेजारीं ती ठेवूं नये. धातूचा तुकडा दोन टोंकांस एकदम टेंकला तर त्यांतून जो प्रवाह वाहील त्यानें तो तुकडाच लालबुंद होईल. हातांत सोन्याची पाटली असणारीनें हें विशेष ध्यानांत ठेवावें.

मात्रा

आतां मात्रा. लिपोच्या एका घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टांच्या खालीं कधींही जाऊं देऊं नये. ह्या दोहोंमधील ३.८ ही राखून ठेवण्याची मात्रा. तीन घटांची बॅटरी असेल तर पूर्ण भरलेली १२.६, आणि ठेवणींतली ११.४. चांगल्या चार्जरवर ह्यासाठीं 'स्टोरेज' नांवाची सोयच असते. ती निवडली कीं यंत्र कमी असेल तर भरतें व अधिक असेल तर उतरवितें.

काठोकाठ भरलेला घट दीर्घकाळ, विशेषतः उन्हाळ्यांत, ठेवला तर आंतले द्रव हळूहळू बिघडतात, वायु धरतो, घट फुगतो आणि त्याचें आयुष्य सरतें. शिवाय अपघात झालाच तर भरलेल्या घटाचा भडका अधिक उग्र. मग पूर्ण रिकामा करून ठेवावा, असें कोणी म्हणेल. आमच्या नातवानेंही हीच शंका काढली. परंतु ३ व्होल्टांच्या फार खालीं उतरलेल्या घटांत तांब्याचा पत्रा द्रवांत विरघळूं लागतो. पुढें तो घट भरूं लागलें म्हणजे तें तांबें भलत्या ठिकाणीं जमतें आणि दोन बाजूंस जोडणारी वाट तयार होते. म्हणजे आजचा निरुपद्रवी घट उद्यांचा घातकी ठरतो. म्हणून भडकाही नको आणि विझणेंही नको. हें ऐकतांच वहिनी म्हणाल्या, "अगं, म्हणजे राखेंत पुरलेला विस्तवच कीं हा!" आम्हीं इतकीं पुस्तकें चाळलीं, परंतु ह्याहून चांगली व्याख्या आम्हांस सांपडली नाहीं.

व्यवहारांतला नियम असा. उडवावयाची त्याच दिवशीं किंवा आदल्या दिवशीं भरावी. बेत फिसकटला, पाऊस आला, पाहुणे आले, तर दोनतीन दिवसांच्या आंत तिला ३.८ वर आणून ठेवावें. महिन्यांतून एकदां प्रत्येक घट मोजावा. घटाघटांत मोठा फरक दिसूं लागला तर ती बॅटरी म्हातारी झाली, असें समजावें. ज्यांचे आप्त थंड देशांत असतील त्यांनीं त्यांस हेंही कळवावें कीं, बर्फाळ हिवाळ्यांत थंडगार खोलींतली बॅटरी तशीच भरूं नये. शून्य अंशाखालीं भरल्यास घटाच्या आंत धातुरूप लिथियम जमतो. आधीं ती घरांतल्या उबेस येऊं द्यावी, मग भरावी.

राखण

तिसरा नियम राखणदाराचा, आणि आमच्या मतें तोच मुख्य. एकत्र कुटुंबांत वस्तु सर्वांची असते, आणि म्हणूनच पुष्कळदां तिची काळजी कोणाचीच नसते. आमच्या खणाचें तसेंच झालें. नातवास वाटलें, आजोबांनीं जागा दिली म्हणजे ती योग्यच असणार. आम्हांस वाटलें, वस्तु त्याची, तो पाहील. सूनबाईंस त्या खणांत काय आहे हें ठाऊकच नव्हतें.

मुंजीनंतर आमच्या बंधूंनीं सांगितलें कीं, हीं खेळणीं घराबाहेर फेंकून द्या. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. परंतु आम्हांस वाटलें, बंदी घातली तर मुलगा छंद सोडणार नाहीं, बॅटऱ्या लपवील. आणि लपविलेल्या बॅटरीची जागा गादीखालीं किंवा कपड्यांच्या कपाटांत असते. म्हणजे आम्ही जें टाळूं पाहतों तेंच आम्ही ओढवून घेऊं. स्टोव्हाचे भडके उडत त्या काळीं शहाण्या घरांनीं स्वयंपाक बंद केला नाहीं. स्टोव्ह पेटविण्याची रीत लेकीसुनांस शिकविली. म्हणून नातवास आम्हीं छंदाची मोकळीक दिली, आणि तिच्याबरोबर कामही दिलें.

प्रत्येक बॅटरीवर क्रमांक घातला. एक नोंदवही केली. तींत खरेदीची तारीख, भरल्याची तारीख, प्रत्येक घटाचा दाब, आणि पडझड झाली असल्यास तिचा उल्लेख, हें तो स्वतः लिहितो. बॅटरी भरावयाची ती दिवसा, कोणी मोठें माणूस घरांत जागें असतांना, आणि स्वतः तेथें बसून. रात्रीं लावून निजणें किंवा लावून बाहेर जाणें साफ मना. भरण्यापूर्वीं चार्जरवर बॅटरीची जात व घटांची संख्या दोनदां वाचावी, कारण बहुतेक चुका तेथेंच होतात. भरण्याचा प्रवाह तिच्या क्षमतेएवढाच असावा. २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २.२ अँपिअरनें भरावी, म्हणजे सुमारें तासाभराचें काम. घाई करूं नये. उडवून आणलेली बॅटरी गरम असते. ती पूर्ण निवल्यावरच चार्जरला जोडावी.

जी बॅटरी आपटली, ठेचाळली किंवा फुगली, ती घराच्या आंत पुन्हां येत नाहीं, हा आमच्या घरचा आतां कायदाच आहे. फुगलेल्या बॅटरीस टोंचूं नये, दाबूं नये, भरूं नये. "शीतकपाटांत ठेव, सूज उतरेल," असें एका दुकानदारानें नातवास सांगितलें होतें. तें खोटें आहे. बिघडलेला घट थंडीनें बरा होत नाहीं. मिठाच्या पाण्यांत बुडवून ठेवण्याचा उपायही पुष्कळ जण सांगतात. परंतु त्यानें आधीं तारांचीं टोंकेंच गंजून जातात आणि आंत वीज शिल्लक राहूं शकते. अशी बॅटरी उघड्यावर वाळूंत ठेवावी, टोंकें चिकटपट्टीनें झांकावींत, आणि विजेचा कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रांत द्यावी. घंटागाडींत टाकूं नये. तेथें ती दाबली जाऊन पेटली तर सफाई कामगारांच्या जिवावर बेतेल. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देणें हें वापरणाऱ्याचें कर्तव्यच आहे.

पेटलीच तर

इतकें करूनही प्रसंग आलाच तर काय करावें, हेंही सर्वांस ठाऊक असावें. गोडसर वास, फुगणें व तापणें ह्या पूर्वसूचना. फूत्कार व धूर ही वेळ भरल्याची खूण. धूर निघूं लागल्यावर बॅटरी उचलण्याचें धाडस कोणीही करूं नये. आम्हीं चिमट्यानें उचलली ती धूर निघण्यापूर्वीं, आणि दैव बरें म्हणून निभावलें. तो धूर विषारी असतो. त्यांत हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायु असतात. म्हणून पहिलें काम माणसें बाहेर काढण्याचें, दुसरें खोलीचें दार ओढून घेण्याचें, तिसरें १०१ किंवा ११२ वर वर्दी देण्याचें.

लिथियमवर पाणी घालूं नये, असें शाळेंत शिकल्याचें कित्येकांस आठवेल. तें धातुरूप लिथियमविषयीं आहे. ह्या घटांतील लिथियम बहुतांशीं संयुगरूपांत असतो, आणि आगीस आवरावयाचें तर उष्णता काढून घेणें हाच उपाय. त्यासाठीं पुष्कळ पाणीच उपयोगी. चार्जर चालू असेल तर मात्र आधीं मुख्य बटणानें वीज तोडावी. भुकटीच्या अग्निशामकानें ज्वाळा विझल्यासारखी दिसते. परंतु आंतली उष्णता कायम असल्यामुळें ती पुन्हां उठूं शकते. वाळूनें आग पसरत नाहीं, पण घट थंडही होत नाहीं. विझल्यावरही कांहीं तास ती बॅटरी उघड्यावरच राहूं द्यावी.

असो. त्या पहाटेस आतां कांहीं महिने झाले. खण रिकामा करून आम्हीं तेथें पुन्हां पुस्तकें लावलीं. नातवाच्या नोंदवहीचीं पानें भरत आहेत. परवां त्याचा एक शाळासोबती आपली फुगलेली बॅटरी खिशांत घालून दाखवावयास आला, तेव्हां आमच्या नातवानें त्यास उंबऱ्याबाहेरच थांबविलें, ती वाळूंत ठेवावयास लावली, आणि मग त्याच्याबरोबर त्याच्या घरीं जाऊन त्याच्या आईस सर्व समजावून सांगितलें. आम्हांस हें दुसऱ्या दिवशीं कळलें. नोंदवहींतल्या आंकड्यांहून आम्हांस ह्या गोष्टीचा आनंद अधिक झाला.

रात्रीं झांकपाक झाली म्हणजे वहिनी घरभर फिरतात. गॅसची टांकी बंद आहे ना, पुढल्या दाराची कडी लागली ना, देवघरांतली समई शांत झाली ना, हें पाहतात. आतां त्या फेरींत आणखी एक थांबा वाढला आहे. पडवीच्या कट्ट्यापाशीं त्या क्षणभर उभ्या राहतात, कुंड्या मोजतात, वास घेतात, आणि मग निजावयास जातात. आमच्या आजीची ती फेरी चुलीबरोबर संपली, असें आम्ही समजत होतों. ती संपली नव्हती. वाचकांनींही आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपापल्या घरांतून एकवार अशीच फेरी मारावी, आणि मुलांच्या खणांत काय आहे तें प्रेमानें विचारावें, एवढीच आमची विनंति आहे.